माळ्याला बाक आला? आधी छपराकडे बघा

प्रश्न : आम्ही टाटा ४०७ ट्रकच्या चासीवर बांधलेली एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली आहे. केबिनच्या वर झोपायचा माळा आहे. त्याला पुढून बाक आलाय. गादी उचलली की प्लाय काळा पडलेला दिसतो, कुबट वास येतो. गगनबावड्याच्या पावसात जाऊन आल्यापासून डावा कोपरा ओलाच आहे. एका कारागिरानं केबिनच्या टपावर रबरी ठोकळे बसवून माळ्याला आधार द्यायला सांगितलंय. चालेल का? मुलं प्रवासात वरच झोपतात.
— एक वाचक भगिनी, रुईकर कॉलनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, ठोकळे अजिबात नकोत. ४०७ची केबिन वेगळी आणि मागची बॉडी वेगळी. खड्ड्यात दोन्ही आपापल्या हिशेबानं हलतात. मधे ठोकळा घातला की माळ्याचं वजन केबिनच्या पत्र्यावर येतं, पत्रा दबतो आणि वरची फ्रेम पिळवटते. हे वजन दोन्ही बाजूंच्या भिंतींनी पेलायचं असतं. भिंतीतलं लाकूड सडलं म्हणूनच माळा खाली आलाय. माणसांच्या वजनानं सहसा बाक येत नाही, तो पाण्यानं येतो.

तेव्हा आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा. गाडी उभी करा, एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं. खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. पहिल्यांदाच वरून पाणी सोडलं तर ते ओघळून सगळीकडून आत येतं आणि काहीच कळत नाही. छपराची पुढची बीडिंग (पत्र्याच्या सांध्यावरची पट्टी), मार्कर लाइटच्या, म्हणजे कडेच्या बारीक दिव्यांच्या, वायरीची भोकं, पुढच्या खिडकीचं रबर ही नेहमीची ठिकाणं. आणि आपल्याकडचं खास ठिकाण म्हणजे गाडीच्या कपाळावरची ‘आई अंबाबाई प्रसन्न’ची पाटी. सहा स्क्रू म्हणजे सहा भोकं, आणि गाडी पळताना वारा पाणी दाबून आत घालतो. पाटी लावा की, पण स्क्रू न मारता चिकटवून.

आता लाकूड. बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि आतली प्लाय काढून चौकटीच्या प्रत्येक लाकडी पट्टीत टोचत जा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. सडक्यात अर्धा इंच सहज जातं आणि बाहेर काढताना भुगा चिकटून येतो. डाग दिसतो तिथं थांबू नका. ओल डागाच्या पुढं गेलेली असते, म्हणून घट्ट लाकूड लागेपर्यंत टोचत राहा. तिथून पुढं हातभर जास्तच कापायचं. याबाबतीत कंजुषी केली तर दोन पावसाळ्यांत तेच काम परत.

माळा उचलायच्या आधी चासीखाली ठोकळे लावून गाडी पक्की करा, नाहीतर कमानपाटे हलतात आणि मापं चुकतात. पुढच्या कडेखाली रुंद फळी, तिच्याखाली दोन बाजूंना दोन टेकू आणि स्क्रू जॅक. आडवी दोरी ताणून ठेवा म्हणजे किती उचललं ते दिसतं. एका वेळी तीन-चार मिलिमीटर, दोन्हीकडं सारखं. लाकूड करकरलं की थांबायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. वर्षानुवर्षं बसलेला बाक एका दुपारी सरळ करायला गेलात तर बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुरकुततो, आणि सुरकुती जात नाही.

माळ्याखालच्या नव्या पट्ट्या उभ्या लावा, म्हणजे रुंद बाजू वर-खाली आणि अरुंद कड प्लायला टेकलेली. दोन बाय एक इंचाची पट्टी उभी लावली तर आडवीपेक्षा चौपट ताठ राहते, लाकूड तेवढंच. फूटभर अंतरावर पट्ट्या असतील तर वर १२ मिलिमीटर मरीन प्लाय (ओलीत टिकणारा) पुरतो, फक्त त्यावर आयएस ७१० या त्याच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. लोक मजबुतीच्या नावाखाली १८चा टाकतात. पण ८ बाय ४ फुटांचा १२ मिलिमीटरचा शीट २५ किलोच्या आसपास भरतो आणि १८चा ३७च्या. एवढं जादा वजन गाडीच्या सगळ्यात पुढच्या, सगळ्यात उंच टोकाला कशाला टांगायचं? लोखंडी अँगल घालायचाच असेल तर उद्यमनगरात हवा तसा वाकवून मिळेल. पण तो ॲल्युमिनियमला थेट टेकवू नका. मधे प्रायमर आणि टेप हवी, नाहीतर ओल लागली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बीडिंगखाली ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी), वरून पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको. आधीच्या मालकानं फासलं असेल तर ते खरवडून काढा, कारण त्याच्या थरावर ना रंग बसतो ना दुसरं सीलंट.

हे सगळं वळीव यायच्या आधी, मार्च-एप्रिलात करा. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी लागते. जुलैत आतून प्लाय ठोकलात तर ओल तुम्हीच कोंडून ठेवाल. गादीखाली पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवा, रात्रीचा श्वाससुद्धा थंड प्लायवर पाणी होऊन बसतो.

माळ्याची मापं वाढवू नका. नोंदणीपुस्तकातली माहिती बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. आणि मुलांना गाडी चालू असताना वर झोपवू नका. माळा नवा केला तरी नाही. तिथं सीट बेल्ट नाही, आणि जोरात ब्रेक लागला की मूल पुढंच जाणार.

प्रश्न : सडलेल्या लाकडात इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रसायन) ओतून ते घट्ट करता येतं म्हणतात. कापाकापी वाचेल का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : खिडकीच्या कडेला बोटभर जागा मऊ झाली असेल, ती पूर्ण वाळली असेल, तर खुशाल ओता. भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं माळ्याचा भार येतो तिथं नाही. इपॉक्सी वरच्या थरात मुरतं आणि दगड होतं, आत भुसा तसाच राहतो. तिथं करवतच चालवा.