रात्री पाय थाऱ्यावर राहत नाहीत

प्रश्न : डॉक्टर साहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, वय ३८. दिवसभर कापूस वेचते तेव्हा काहीच नाही, पण रात्री खाटेवर पडली की पिंडऱ्यांमध्ये आतून किडे वळवळून राहिले असं वाटते, पाय हलवला की बरं, ठेवला की पुन्हा सुरू. मग उठून अंगणात फेऱ्या मारते. सासूबाई म्हणतात बाहेरचं असन. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १२.२, डॉक्टर म्हणे रक्त बरोबर आहे. काय करू?

उत्तर : ताई, बाहेरचं काही नाही, आणि थकव्याचं दुखणंही नाही. थकलेले पाय पडून राहिल्यावर निवतात, तुमचे उलट पडल्यावरच सुरू होतात आणि चाललं की थांबतात, तेही रात्रीच. याला रेस्टलेस लेग्स म्हणतात. १९४५ मध्ये एकबोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं हे नाव दिलं, म्हणजे आजार काही आजचा नाही.

आता हिमोग्लोबिनचं. ते म्हणजे डब्यातलं पीठ समजा, आणि फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाचा आकडा, ते कणगीतले गहू. डबा भरलेला दिसतो पण कणगी खाली असू शकते. मेंदूत डोपामिन (हालचाल सांभाळणारं रसायन) बनायला लोह लागते, ते कमी पडलं की हे पायांचं सुरू होऊ शकते, हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी. म्हणून फेरिटिन तपासा, ताप असताना नको, तेव्हा आकडा खोटाच वाढलेला येतो. लॅबच्या कागदावर २० लाही नॉर्मल लिहिलेलं असते, त्यावर जाऊ नका, या आजारात ७५ च्या खाली असलं तर लोह देऊन पाहतात.

पण तपासणीआधी मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करू नका. आपल्याकडे सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) बरंच आहे, घरात कोणाला असलं तर डॉक्टरला आधी सांगा. गोळ्या दिल्याच तर लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा त्याच्या आगेमागे तासभर नको (वेचणीवरून आल्या आल्या चहा लागतोच, माहीत आहे मला). शौच काळी होईल, घाबरू नका. फरक पडायला काही आठवडे, कधी महिने लागतात. आणि सर्दीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेत असाल तर बंद करा, त्यातल्या काहींनी हे पायांचं वाढते.

सगळ्यांनाच लोहामुळे होते असं नाही, किडनीचा आजार किंवा गरोदरपणातही होते, काही घरात आईला असते लेकीलाही असते. तुम्ही पाळीचं काही लिहिलंच नाही. अंगावरून जास्त जाते का, किती दिवस, फेरिटिनच्या आकड्यासोबत तेही कळवा.