बहिणीला वगळून भावाने जमीन विकली आणि घर गहाण टाकलं: जिल्ह्याच्या ठिकाणची लॉ फर्म पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील गेल्यावर भावाने तुमचं नाव वगळून वारसनोंद करून घेतली, शेतीचा एक गट विकला, घर बँकेकडे गहाण ठेवलं, आणि आता घरावर बँकेची नोटीस चिकटली आहे. हे जिल्ह्यातल्या फर्मकडे द्यावं की थेट मुंबई गाठावी?

जिल्ह्यातच द्या. कारण हे एक प्रकरण नाही, चार आहेत. वारसफेरफाराविरुद्धचं अपील प्रांताधिकाऱ्यांकडे जातं, वाटप आणि विक्रीचा वाद दिवाणी न्यायालयात, बँकेचा ताबा कर्जवसुली न्यायाधिकरणात (डीआरटी), आणि खोटी सही किंवा खोटं प्रतिज्ञापत्र असेल तर तक्रार पोलिसांकडे. पुरावा मात्र जवळजवळ सगळा तलाठी, तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालयात पडलेला असतो. तिथे चार खेपा घालणारा माणूस फर्मकडे हवा.

चांगली फर्म पहिल्या बैठकीत दावा लिहायला घेत नाही. आधी तारखांचा तक्ता करते, कारण प्रत्येक ठिकाणची मुदत वेगळी आहे. फेरफाराच्या आदेशावर अपिलाला 60 दिवस; उशीर झाला असेल तर कारणासह विलंबमाफीचा अर्ज लागतो. खरेदीखताला आव्हान द्यायला साधारणपणे ते कळल्यापासून 3 वर्षं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलं गेल्याचं कळल्यापासून हिस्सा मागायला 12 वर्षं. बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी न्यायालयात न जाता गहाण मिळकत ताब्यात घेऊ देणारा कायदा) ताब्याची कारवाई केली की डीआरटीत जायला फक्त 45 दिवस. तुम्ही कर्जदार नसलात तरी बाधित व्यक्ती म्हणून तिथे जाऊ शकता. म्हणून तक्त्यात बँकेची तारीख सगळ्यात वर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ताबा थांबवायला फक्त दिवाणी न्यायालयात मनाई मागणं. सरफेसी कायद्याचं कलम 34 आडवं येतं, कारण ते अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाला मनाई देऊ देत नाही, आणि ते कळेपर्यंत 45 दिवस उलटून गेलेले असतात. शेतजमिनीवर मात्र बँकेला सरफेसी वापरताच येत नाही, त्यामुळे नोटिशीत नेमकी कोणती मिळकत लिहिली आहे ते अक्षर न अक्षर वाचून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चारही ठिकाणी तुमचं म्हणणं एकच असलं पाहिजे. पोलिसांना रागाच्या भरात लिहून दिलेल्या अर्जात 'भाऊ हे पाच वर्षांपासून करतोय, मला माहीत होतं' असं एक वाक्य गेलं, तर भावाचा वकील तोच अर्ज दिवाणी दाव्यात हजर करतो आणि खरेदीखताविरुद्धची तीन वर्षांची मुदत संपल्याचं दाखवतो. म्हणून केव्हा, कशावरून आणि कोणाकडून कळलं, हे आधी खरं-खरं आठवून एकदाच लिहून काढायचं आणि मग सगळे अर्ज त्यावरून तयार करायचे. चार वेगवेगळ्या वकिलांकडे चार कामं दिली की नेमकं इथेच बिनसतं. एका फर्मचा खरा उपयोग मला इथे वाटतो. फौजदारी तक्रार तर कागद हातात आल्यावरच करावी. निव्वळ हिश्श्याच्या वादाला फौजदारी रंग दिला आहे असं दिसलं तर उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं, आणि त्याचा परिणाम पुढच्या तडजोडीवरही होतो.

दाव्याचा मसुदा हातात आला की तीन गोष्टी तपासा. वंशावळीतली प्रत्येक हयात शाखा पक्षकार आहे का? एखादी आत्या किंवा मयत काकांची मुलं राहून गेली तर आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावा अडतो. सगळ्या मिळकती घेतल्या आहेत का? अर्धवट वाटपाची हरकत भावाच्या पहिल्याच कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) येते. आणि मागणी काय आहे? खरेदीखतावर तुमची सही नसेल तर 'खत रद्द करा' असं मागायचं नसतं. 'ते माझ्या हिश्श्यावर बंधनकारक नाही' अशी घोषणा मागायची असते. कोर्ट फीसुद्धा त्यावर ठरते.

जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलगी म्हणून तुमचा हक्क जन्मापासूनचा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने तो दिला, आणि वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री किंवा वाटप त्या दुरुस्तीने उलटवता येत नाही, म्हणून खताची तारीख आधी बघा. सातबाऱ्यावर नाव नाही एवढ्याने हक्क जात नाही; फेरफार हा महसुलासाठी असतो, मालकी त्याने ठरत नाही.

दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो, आणि दुय्यम निबंधकाकडे प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवून घेतात, म्हणजे पुढचा खरेदीदार 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणू शकत नाही. भावाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश वापरायचे असतील तर नुसत्या छापील प्रती पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर फर्म तिथले वकील नेमते आणि फाइल स्वतः तयार करून देते. तुमचा जिल्हा कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग असेल तर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. मुंबईची खेप वाचते.

पहिल्या भेटीला जाताना बँकेची नोटीस पाकिटासकट न्या, कारण पाकिटावरचा शिक्का मिळाल्याची तारीख सांगतो. सोबत वडिलांचा मृत्यूदाखला, मिळतील तेवढे जुने सातबारे, आठ-अ, वारसफेरफाराची नक्कल, आणि विकलेल्या गटाची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे दुय्यम निबंधकाकडचा नोंदलेल्या खताचा उतारा). मूळ कागद दाखवा, पण ठेवायला द्याल तर यादी करून पोच घ्या. फी टप्प्याटप्प्याने लेखी मागा. निकालातून मिळणाऱ्या जमिनीत टक्केवारी मागणं वकिलाला नियमाने मनाई आहे; तसं कोणी बोललं तर दुसरी फर्म शोधा, पण 45 दिवस मोजत राहून.