वाचक विचारतात

प्रश्न : एअर कमोडोर मेहेरसिंग हवाईदलप्रमुख झाले नाहीत, तरी त्यांचं एवढं नाव का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : लेहमुळे! काश्मीरच्या युद्धात, २४ मे १९४८ ला लष्कराच्या जनरल थिमय्यांना सोबत घेऊन त्यांनी डाकोटा हे मालवाहू विमान तिथे उतरवलं. धावपट्टी कच्ची, घाईने केलेली. उंची दहा हजार फुटांच्या वर. मी लोहगावला विमानांच्या इंजिनांवर उमेदीची वर्षं घालवली, म्हणून सांगतो, विरळ हवेत पिस्टन इंजिनाचा दम तुटतो. पुन्हा उडताना ते जरा अडखळलं की संपलंच. तरी पहिली खेप त्यांनी स्वतः नेली. असा कमांडर मिळायला भाग्य लागतं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात सहाव्या स्क्वाड्रनचं (विमानतुकडीचं) नेतृत्व करून डीएसओ हा ब्रिटिश युद्धसन्मान मिळवला होताच. काश्मीरच्याच युद्धात वेढ्यात अडकलेल्या पूंछ शहरातही डाकोटा उतरवायची सुरुवात त्यांनीच केली.