मालिकेत मुख्य भूमिका मिळतेय, नाटकाचे प्रयोगही चालू आहेत. दोन्ही जमेल का?

हो, जमतं, फक्त करारावर सही करण्याआधी प्रयोगांच्या तारखा लेखी मान्य करून घ्या. तोंडी ‘ॲडजस्ट करू’वर अजिबात विसंबू नका, कारण सेटवर तुमच्या तारखा सांभाळणारा माणूस मध्येच बदलतो आणि नवीन माणूस फक्त कागद बघतो. दैनंदिन मालिकेची शिफ्ट बारा-तेरा तासांची असते, नायिकेचे महिन्याचे वीस-पंचवीस दिवस त्यातच जातात. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी असतात आणि नाट्यगृहाच्या तारखा काही महिने आधीच मिळतात, म्हणून ती यादी चॅनलला सुरुवातीलाच देता येते.

करारात हे बघा:
- दुसऱ्या चॅनलवर काम करायला बंदी असते, ती ठीक. नाटकाला त्यातून स्पष्ट सूट हवी.
- प्रयोगाच्या दिवशी सेटवरून किती वाजता सोडणार, ते घाला. ठाण्यातल्या घोडबंदरच्या सेटवरून दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह गाठायला ट्रॅफिकमध्ये दोन तासही लागतात, शिवाय मेकअप आहेच.
- मानधनाचा चेक साधारण तीन महिन्यांनी येतो. नाटकाची नाइट, म्हणजे प्रत्येक प्रयोगाचं मानधन, लगेच हातात पडते, तोवर तिचाच आधार.

मालिकेचे सुरुवातीचे दोन-तीन महिने मात्र कठीण. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, तयार नसते, त्यात महाएपिसोड आला की सुट्टी हमखास रद्द होते. तेवढ्या काळापुरती नाटकात रिप्लेसमेंट तयार ठेवा. सिनेमा यातच बसवायचा असेल तर केस कापण्याआधी कंटिन्युइटी विचारा, म्हणजे मालिकेत आधी दिसलेला लूक बदलला तर चालेल का ते.