नाणेसंग्राहकानं कोणतं मासिक लावावं?

प्रश्न: सुरुवातीला हाती येईल ते नाणं घेत गेलो. आता मन मुघल रुपयांवर बसलं आहे. वर्षाला एकाच नियतकालिकाची वर्गणी भरणं मला जमेल. भाव छापणारं एखादं मासिक लावलं, तर खरेदीत फसणार नाही असं वाटतं. कोणतं घेऊ?

उत्तर: भावांसाठी मासिक घेऊ नका, हे मी आधीच आणि ठामपणे सांगते. छापलेला भाव एका ठरावीक दर्जाच्या नाण्याचा असतो. हातातलं नाणं त्या दर्जाचं आहे का, हे ओळखता येत नसेल तर यादी असून उपयोग काय? त्यातून तुम्ही निवडलेत मुघल रुपये. ते हातानं ठोकलेले. ठसा बहुतेकदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे त्यावरचा सगळा मजकूर नाण्यावर उतरतच नसे. एका रुपयावर टाकसाळीचं नाव पूर्ण वाचता येतं, तर त्याच ठशाच्या दुसऱ्या रुपयावर त्या नावाची जेमतेम शेपटी दिसते. हिजरी सन आणि राज्यारोहणाचं वर्ष यांचीही तीच गत. दोन्ही रुपये एकाच वजनाचे, साधारण साडेअकरा ग्रॅमचे, पण संग्राहक दोन्हींना सारखा पैसा मोजत नाही. हा फरक कोणत्या तक्त्यात बसवणार?

तेव्हा तुम्हाला वाचायला शिकवणारं मासिक हवं. या छंदातली मोठी नावं तुमच्या कानावर येतीलच. ‘द न्युमिस्मॅटिस्ट’ १८८८ साली डॉ. जॉर्ज हीथ यांनी सुरू केलं. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचं ते आज मुखपत्र आहे. ‘न्युमिस्मॅटिक न्यूज’ १९५२ चं, ‘कॉइन वर्ल्ड’ १९६० चं. तिन्ही जुनी आणि नावाजलेली, पण त्यांचा भर अमेरिकी नाण्यांवर. डॉलर जमवणाऱ्याला ती मी डोळे झाकून सुचवीन. तुम्हाला मात्र वर्षभर पानं उलटूनही औरंगजेबाचा रुपया क्वचितच भेटेल.

तुमच्यासाठी माझं मत ओरिएंटल न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या जर्नलला. १९७० साली सुरू झालेली ही संस्था इस्लामी जग, भारत आणि पूर्वेकडच्या नाण्यांवरच काम करते. सभासद झालात की जर्नल मिळतं. त्यातली छोटी टिपणं मला फार मोलाची वाटतात. कुणाला न नोंदलेली टाकसाळ सापडते, कुणी एखादं वर्ष नव्यानं वाचतं, आणि नाण्याच्या छायाचित्रासकट ते मांडतं. भाषा इंग्रजी आणि मजकूर दाट आहे, सावकाश वाचावं लागतं. न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाचं जर्नल त्याहून जड, अभ्यासकांसाठीचं. लंडनचं ‘न्युमिस्मॅटिक क्रॉनिकल’ १८३८ पासूनचं, पण ते वर्षातून एकदा येतं आणि त्याचा पसारा ग्रीक-रोमन काळापासूनचा. ही दोन्ही ग्रंथालयात बसून वाचा.

पैसे भरण्याआधी कोणत्याही नियतकालिकाचा एक जुना अंक मिळवा आणि त्यातला एकच लेख निरखा. नाण्याच्या दोन्ही बाजू छापल्या आहेत का? वजन ग्रॅममध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये दिला आहे का? नाणं कोणत्या संग्रहातलं किंवा लिलावातलं, हे सांगितलं आहे का? वजनच न देणाऱ्या लेखावर मी विश्वास ठेवत नाही. जाहिरातीही बघा. पुढच्या पानावर ज्याची जाहिरात, त्याच्याच मालाची मागच्या पानावर स्तुती असेल, तर तो अंक बाजूला ठेवा.

राहिली फसवणूक. जहांगीरच्या राशीचिन्हांच्या नाण्यांच्या नकला भरपूर फिरतात, आणि तुम्ही लवकरच त्यांच्या वाटेला जाल. म्हणून वर्षात एकदा तरी खरं आणि बनावट नाणं शेजारीशेजारी, मोठं करून दाखवणारं नियतकालिक निवडा. ओतीव नकलेच्या कडेला कधी सांध्याची बारीक रेघ दिसते, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची टाचणीएवढी छिद्रं असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात. अशी छायाचित्रं पुन्हापुन्हा पाहिली की डोळा तयार होतो. सोबत अचूक वजनकाटा हवाच.

प्रश्न: छापील अंक घ्यावा की डिजिटल?

उत्तर: मोठं करून बघायचं असेल तर डिजिटल. छापील अंकाचा फायदा वेगळा. छायाचित्र मूळ आकारात असेल, तर आपलं नाणं शेजारी ठेवून ताडता येतं. मूळ आकाराची नोंद चित्राखाली आहे ना, एवढं पाहून घ्या. जुन्या अंकांसाठी तर आधी पैसे खर्चूच नका. न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर नाण्यांवरची कितीतरी जुनी नियतकालिकं फुकट वाचता येतात. महिनाभर ती चाळा, कोणत्या प्रकारचे लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचता ते बघा आणि मग वर्गणी भरा.