मार्फान विकारात लोसार्टन खरोखर निरुपयोगी ठरले आहे का?

आपल्या ११ वर्षांच्या मुलीला मार्फान विकार असल्याने हृदयरोगतज्ज्ञांनी लोसार्टन सुरू केले आहे. परंतु २०१४ च्या मोठ्या चाचणीत हे औषध अपयशी ठरल्याचे वाचून ते बंद करावे का, असे आपण विचारले आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, त्यामुळे निर्णय तिच्या डॉक्टरांचाच; तथापि त्या चाचणीतून असा निष्कर्ष निघत नाही, हे मी ठामपणे सांगू इच्छितो.

या विकारात एफबीएन१ जनुकातील दोषामुळे फायब्रिलिन-१ हे प्रथिन सदोष किंवा अपुरे तयार होते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा बुंधा रुंदावत जातो आणि पुढे तिच्या भिंतीचे थर एकमेकांपासून सुटण्याचा जीवघेणा धोका निर्माण होतो. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधक हॅल डिएट्झ यांच्या गटाला असे आढळले की, मार्फानग्रस्त उंदरांमध्ये पेशींना वाढीचे संकेत देणाऱ्या टीजीएफ-बीटा या प्रथिनाची अतिरिक्त क्रिया लोसार्टनने आटोक्यात येते आणि त्यांची महाधमनी जवळजवळ निरोगी उंदरांसारखीच राहते. रक्तदाबाच्या एका जुन्या, स्वस्त गोळीबद्दल एवढ्या अपेक्षा निर्माण झाल्या त्या यामुळे.

२०१४ च्या चाचणीत ६०८ मुले व तरुणांना ३ वर्षे लोसार्टन किंवा अटेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद व सौम्य करणारे औषध) देण्यात आले आणि बुंधा रुंदावण्याच्या वेगात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र कोणतेच औषध न घेणारा गट या चाचणीत नव्हता. शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने पाहिले तर बुंध्याची रुंदी दोन्ही गटांत कमी होत गेली, आणि वय जितके लहान तितकी ही घट अधिक होती. म्हणजे लोसार्टन अटेनोलॉलपेक्षा सरस ठरले नाही, एवढेच सिद्ध झाले. ते निरुपयोगी असल्याचे नव्हे.

यानंतर ब्रिटनमध्ये १९२ रुग्णांवर झालेली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला अधिक बोलकी वाटते, कारण तीत याच वर्गातील इर्बेसार्टनची तुलना निष्क्रिय गोळीशी केली होती आणि अनेक रुग्ण बीटा-ब्लॉकरही घेत होते. बुंध्याची वाढ वर्षाला ०.७४ मिलिमीटरऐवजी ०.५३ मिलिमीटर झाली. २०२२ मध्ये ७ चाचण्यांतील १,४४२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा लोसार्टन, इर्बेसार्टन यांच्या सार्टन वर्गातील औषधांनी शरीराच्या मानाने होणारी ही वाढ जवळपास निम्म्यावर येते, आणि बीटा-ब्लॉकरची जोड दिल्यास परिणाम आणखी वाढण्याची शक्यता आहे, असे दिसून आले. या साऱ्या चाचण्यांनी मुख्यतः रुंदी मोजली, आयुर्मान नव्हे, ही मर्यादा अर्थातच ध्यानात ठेवावी लागते.

म्हणून गोळी आपणहून थांबवू नका. दोन्ही औषधे एकत्र देता येतील का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा आणि ठरलेली इको तपासणी चुकवू नका, कारण शस्त्रक्रियेची वेळ त्या मोजमापांवरूनच ठरते. सार्टन गटातील औषधे गरोदरपणात गर्भाला घातक असतात, हेही मुलीला योग्य वयात समजावून सांगावे लागेल.