‘बी पेशी’तला बी कुठला?

प्रश्न असा आहे: टी पेशी आणि बी पेशी या रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. प्रतिकारशक्तीवरच्या एका लेखात त्यांतला ‘बी म्हणजे बोन मॅरो’ (अस्थिमज्जा, हाडांतला मगज) असं दिलंय, तर दुसऱ्यात ‘बी’चा संबंध पक्ष्यांशी जोडलाय. यांतलं खरं कोणतं? आणि मराठीत सरळ ‘ट पेशी’, ‘ब पेशी’ का लिहू नये?

पक्ष्यांचं खरं. हा ‘बी’ बर्साचा. लॅटिनमध्ये बर्सा म्हणजे पिशवी. पक्ष्यांच्या गुदद्वाराजवळ अशी एक छोटी पिशवी असते. पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं, म्हणून ती ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’. ती नेमकं करते काय, हे मात्र पुढची तीनशेहून अधिक वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

ते कळलं अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात, तेही जवळजवळ अपघाताने. ब्रूस ग्लिक नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने काही कोंबड्यांची बर्सा काढून टाकली होती. त्याच्या एका सहकाऱ्याला, टिमथी चँगला, प्रतिपिंडं (जंतूंना निकामी करणारी रक्तातली प्रथिनं, अँटिबॉडी) कशी तयार होतात हे वर्गात दाखवायचं होतं. त्याने याच कोंबड्या मागून घेतल्या, त्यांना जंतू टोचले, आणि प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत! हा निबंध १९५६ साली कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात आला, त्यामुळे प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांचं त्याकडे बरीच वर्षं लक्षच गेलं नाही.

‘टी’ थायमसचा. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी वयात आल्यावर आक्रसत जाते, म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ हा फार नेमका शब्द आहे. (कोंबडीची बर्साही वयात येताना अशीच आक्रसते.) लसिका पेशी (टी आणि बी या त्यांच्याच जाती) तिथे फक्त मरायला येतात, असा तेव्हा समज होता. १९६१ साली जाक मिलर लंडनमध्ये उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं थायमस काढलं तर लसिका पेशी कमी पडतात, संसर्ग बळावतात आणि परक्या उंदराच्या कातडीचं कलमसुद्धा शरीर नाकारत नाही, हे त्यांनी दाखवलं.

हे दोन धागे एकत्र आणले मॅक्स कूपर या बालरोगतज्ज्ञाने, मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्याबरोबर. १९६५मध्ये त्यांनी कोंबड्यांमध्ये या दोन वेगळ्या फळ्या असल्याचं सिद्ध केलं: बर्सावर अवलंबून असलेली प्रतिपिंडांची आणि थायमसवर अवलंबून असलेली, परकं कलम नाकारणारी. १९६८मध्ये मेलबर्नला मिलर आणि त्यांचा विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी उंदरांमध्ये दाखवलं की प्रतिपिंडं अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी करतात, पण त्यांना थायमसच्या पेशींची मदत लागते. टी आणि बी ही सुटसुटीत नावं १९६९च्या एका निबंधात इव्हान रॉइट आणि सहकाऱ्यांनी सुचवली. मिलर आणि कूपर यांना या कामासाठी २०१९मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो फारच उशिरा मिळाला. लस, एचआयव्ही, अवयवरोपण, कर्करोगावरचे नवे उपचार, कशावरही लिहायला घ्या, ही दोन अक्षरं टाळून एक परिच्छेदही पुढे सरकत नाही.

‘बोन मॅरो’ची गल्लत समजण्यासारखी आहे. सस्तन प्राण्यांना बर्सा नसते, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेतच घडतात, आणि अक्षरही योगायोगाने जुळतं. पण टी पेशींचा उगमही अस्थिमज्जेतलाच. त्या फक्त पक्व व्हायला थायमसमध्ये जातात. ‘बी म्हणजे बोन मॅरो’ एवढंच सांगितलं, तर टी पेशींचा अस्थिमज्जेशी संबंध नाही असं वाचकाला वाटतं. हे मला जास्त खटकतं.

आता ‘ट’ आणि ‘ब’. जीवनसत्त्वांना आपण अ, ब, क, ड म्हणतो, कारण ती अक्षरं केवळ क्रमाने दिलेली होती. पण ‘के जीवनसत्त्वा’तला ‘के’ आपण तसाच ठेवला. तिथे के हे रक्त गोठण्यासाठीच्या ‘Koagulation’ या जर्मन शब्दाचं आद्याक्षर आहे. टी आणि बी हीसुद्धा आद्याक्षरंच. ‘ब पेशी’ लिहिलं की वाचक आधीची ‘अ पेशी’ शोधू लागतो, आणि तशी पेशी नाही. म्हणून टी पेशी, बी पेशी असंच लिहावं, आणि लेखात पहिल्यांदा येतील तिथे थायमस आणि बर्साचा उल्लेख एकदा करावा.